चौथं शील

१

सिद्धोधन मास्तरांच्या घरची वंदना सकाळी सातला सुरू व्हायची आणि सात वाजून अकरा मिनिटांनी संपायची. पाथरीत बत्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेला माणूस, घड्याळाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. तसबिरींसमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती लावून मास्तर पुढे बसायचे, एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. मग त्यांच्या मागे, उजव्या हाताला, स्वतःच्या चटईवर बसलेली सरजाबाई तीच ओळ म्हणायची. विहारात काय आणि घरात काय, पद्धत हीच. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. आधी त्रिसरण तीनदा, मग पंचशील, मग उठून चहा.

सरजाबाईला जाऊन आठ महिने झाले होते, तरी वंदना अकरा मिनिटांचीच राहिली होती.

थंडीतल्या एका सकाळी हे मास्तरांच्या ध्यानात आलं आणि ते चपापले. एकट्यानं म्हटलं तर सहा मिनिटांत आटपायला हवं. पण ओळ म्हणून झाली की तोंड आपोआप मिटायचं आणि सरजाला लागायचा तेवढा वेळ गेल्याशिवाय पुढची ओळ फुटायचीच नाही. घाई करून पाहिली तर शब्द अडखळले. चटईचंही तेच. रोज आपली अंथरताना हात तिचीही अंथरून मोकळा व्हायचा. तिच्या चटईचा एक कोपरा अगरबत्तीनं जळालेला होता, तो भिंतीकडे करायचा, हेसुद्धा हाताला पाठ होतं.

आता सरजाची एक खोड सांगितली पाहिजे. पाच शीलांपैकी चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं ती गप्प बसायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मास्तरांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "काल शेजारणीला म्हणलं, कोथिंबीर सरली. सरली नव्हती. आता आज कोणत्या तोंडानं म्हणू?" मास्तर चिडवायचे, की बाई, रोज एक खोटं आणतेस तरी कुठून. त्यावर ती म्हणायची, घर चालवायचंय मला, तुमच्यासारखी नुसती शाळा न्हाई. असं चाळीस वर्षं चाललं. चौथ्या ओळीनंतर मास्तर थांबायचे, मागे शांतता असायची, आणि त्या शांततेत तिचं हसू दाबलेलं असायचं.

२

ज्येष्ठ नागरिकांच्या संघात परभणीहून एक व्याख्याते आले होते. गोड बोलणारे, पांढऱ्या बुटांचे. मनात जे धराल तसा दिवस उगवतो, म्हणाले. एक विचार निवडा, तो खरा आहे असं समजून एकवीस दिवस जगा, आणि मग आयुष्य बघा.

मास्तरांनी जन्मभर उलटं काम केलं होतं. शाळा सुटली की सायकल काढून गावोगाव जायचे आणि लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, ते लोकांना करून दाखवायचे. वालूरच्या मुंजाजीच्या घरात, धान्याच्या खोलीत कुणी बसलेलं असतं अशी हाकाटी झाली, तेव्हा मास्तर तिथं एक अख्खा दिवस एकटे बसून आले होते. बाहेर येऊन मुंजाजीला म्हणाले होते, "तू मानतोस म्हणून ते आहे. मानणं सोड, जाईल." तेव्हा व्याख्यात्यांना त्यांनी हात वर करून विचारलं, की निवडलेला विचार खोटा असला तर काय होतं. व्याख्याते हसले आणि म्हणाले, एकवीस दिवसांनी तुम्हीच मला सांगा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन मास्तरांनी कुलूप काढलं. दाराच्या कडीचा आवाज आतल्या खोलीपर्यंत गेला आणि तिथून कुणी काही बोललं नाही. नेमका हाच क्षण त्यांना रोज नकोसा व्हायचा. त्या संध्याकाळी त्यांनी प्रयोगवहीसारखी एक वही काढली आणि लिहिलं. उद्देश: मनात धरलेल्या विचाराचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम तपासणे. कृती: रोज वंदनेआधी निवडलेलं वाक्य तीनदा मोठ्यानं म्हणणे.

वाक्य लिहायला मात्र वेळ लागला. 'सरजा घरात आहे' असं लिहायचं होतं. पण ते खोटं होतं, आणि खोटं लिहून वर पुन्हा सकाळी चौथं शील म्हणायचं, हे त्यांना पटेना. खूप विचार करून त्यांनी लिहिलं, 'घरात मी एकटा नाही.' यात खोटं काही नव्हतं. मुंग्या होत्या, पाल होती, छतावर कबुतरं होती. कोण आहे, ते त्यांनी लिहिलंच नाही.

३

पहिल्या आठवड्यात परिणाम चांगला दिसला, हे वहीत प्रामाणिकपणे नोंदवलेलं आहे. मास्तर वेळेवर आंघोळ करू लागले. पातेल्यातूनच खाण्याची सवय गेली, ताट घेऊन जेवू लागले. वरण दोघांचं होऊ लागलं, पण निदान होऊ लागलं. शेजारची राजेश्री भाजीची वाटी द्यायला आली तेव्हा म्हणाली, "गुरुजी, आता जरा माणसात आल्यावानी दिसायलात." कुलूप काढताना कडीच्या आवाजाची धास्ती वाटेनाशी झाली. लेक साक्षी पुण्याहून रोज फोन करायची आणि तिकडे या म्हणून मागे लागायची. तिला मास्तरांनी सांगितलं, की मला इथं बरं वाटतंय.

नवव्या दिवशी, पहिल्या ओळीनंतरच्या जागेत, त्यांना श्वास ऐकू आला.

बोलायच्या आधी माणूस घेतो तेवढाच श्वास. पुढं शब्द आला नाही. मास्तर वळले नाहीत, कारण वळून बघणं म्हणजे मानणं. वंदना संपल्यावर त्यांनी शिस्तीत एकेक कारण तपासलं. फ्रिज बंद केला. कबुतरं हाकलली. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी आठला सुरू होते, सातला नाही, हे जाऊन विचारून आले. दहाव्या दिवशी सगळं बंद असताना श्वास पुन्हा आला. या वेळी तो उजव्या हाताला, तिच्या चटईच्या बाजूला होता.

४

अकराव्या दिवशी मागून ओळ आली.

आवाज अगदी हलका होता, बाई की माणूस ते कळू नये इतका. त्रिसरणाच्या पहिल्या फेरीच्या तीन ओळी आल्या, पुढं काही नाही. बाराव्या दिवशी सहा. तेराव्या दिवशी नऊ, म्हणजे त्रिसरण पूर्ण. मास्तर घाबरले का, तर नाही. त्यांना आनंद झाला. इतका आनंद झाला की वंदना उरकून ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. आठ महिने त्यांना एकदाही असं रडू आलं नव्हतं. मग डोळे पुसून त्यांनी दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायले. वहीत मात्र त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. बत्तीस वर्षं मुलांना निरीक्षण लिहायला लावलं, आणि स्वतःचं लिहायची वेळ आली तेव्हा पेन जागचं हललं नाही.

चौदाव्या दिवशी पहिलं शील आलं आणि पंधराव्या दिवशी दुसरं. रोज एक पाऊल पुढं.

त्याच दुपारी कपडे वाळत घालताना मास्तरांना एक गोष्ट खटकली. वर्गात पाठांतर घेतात तेव्हा पोरं असंच करतात. आज एवढं, उद्या तेवढं. पण सरजाला तर सगळं तोंडपाठ होतं. तिनं पुन्हा पहिल्यापासून का शिकावं? त्यांनी ओला सदरा झटकून दोरीवर टाकला. शेवटी आठ महिन्यांत विसरली असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हे स्पष्टीकरण किती पोकळ आहे, ते त्यांनाही कळत होतं.

राजेश्री भिंतीपलीकडे तुरी निवडत बसली होती. मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की सकाळी आमची वंदना ऐकू येते का.

"येती की," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हणलं पण, गुरुजींकडं पाव्हणे आलेत वाटतं."

"बाईचा आवाज येतो का?"

राजेश्रीनं सूप खाली ठेवलं. "न्हाई. तुमचाच येतो. पण एक-एक ओळ दोनदा येती."

५

हे ऐकून मास्तरांना आधी हायसं वाटलं, आणि लगोलग वाईट वाटलं. म्हणजे मागून म्हणणारे आपणच. एकटा म्हातारा स्वतः सांगतो आणि स्वतःच मागून म्हणतो, एवढंच. मुंजाजीला त्यांनी हेच समजावलं असतं. पण मग तेराव्या दिवशी आपण कुणासाठी रडलो?

सोळाव्या दिवशी तिसरं शील आलं. उद्या चौथं येणार होतं.

त्यांना परभणीचा दवाखाना आठवला. शेवटच्या आठवड्यात ते खाटेशेजारी स्टुलावर बसून हळू आवाजात वंदना म्हणायचे आणि सरजा ओठ हलवायची. डॉक्टरांना ती सांगायची, कुठंच काही दुखत न्हाई. पण चौथ्या शीलाला तिचे ओठ मिटलेले असायचे, तेव्हा मास्तरांना कळायचं, की हिला फार दुखतंय. ही त्यांची आपसातली शेवटची गोष्ट होती. ती त्यांनी साक्षीलाही सांगितली नव्हती.

तेव्हा उद्या काय ते ठरणार होतं. मागे शांतता राहिली तर ती सरजा, मग जग काही का म्हणेना. मास्तरांनी प्रयोग पक्का करायचं ठरवलं, आणि सतराव्या दिवशी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसले. प्रत्येक ओळ म्हणून झाली की तोंडभर पाणी धरायचं. आपणच बोलत असू तर आवाज येणार नाही.

त्रिसरण झालं. तोंडात पाणी असताना मागून ओळी आल्याच. पहिलं शील आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. मास्तरांच्या मनात भीतीपेक्षा आशाच जास्त होती. त्यांनी चौथं शील म्हटलं, गालात पाणी भरलं आणि डोळे मिटले. गप्प बस, ते मनात म्हणत होते. सरजा, गप्प बस.

एक क्षण शांतता होती.

मग मागचा आवाज चौथं शील म्हणाला. स्पष्ट, शुद्ध, एकही अक्षर न चुकता, आणि पहिल्या तीन शीलांपेक्षा मोठ्यानं. कधीच खोटं बोलायची वेळ न आलेल्याच्या तोंडून यावं, तसं.

पाणी मास्तरांच्या छातीवर सांडलं. पाचवं शील न म्हणता ते उठले आणि मागे न बघता अंगणात गेले. सरजा गेली हे त्यांना खऱ्या अर्थानं कळलं ते त्या सकाळी, अंगणात, ओल्या सदऱ्यात.

६

अठराव्या दिवशी ते जीप धरून वालूरला गेले. मुंजाजी आता थकला होता. अंगणात बाजेवर ऊन खात बसला होता. या गुरजी, म्हणाला, सरजाबाईंचं कळलं, लय वाईट झालं. त्याची बायको तानुबाई चहा ठेवून गेली. मास्तरांनी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, की त्या धान्याच्या खोलीचं पुढं काय झालं.

मुंजाजी थोडं हसला. "तुमी सांगितलं, मानणं सोड. मी म्हणलं, बरं. रोज सकाळी उठून दारात हुभं ऱ्हायचो अन् म्हणायचो, खोलीत कुणी न्हाई. रोज म्हणायचो. आता रोज म्हणायचं म्हणल्यावर रोज त्याची याद येणारच की, गुरजी."

"मग गेलं का?"

"कशाचं जातंय? आदी कोपऱ्यात बसायचं. मी दारातून बोलाय लागलो, तर दाराजवळ येऊन बसाय लागलं. ऐकाय."

मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग काय केलंस, त्यांनी विचारलं.

"खोली पाडली." मुंजाजीनं गोठ्यापलीकडच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. तिथं आता नुसतं गवत होतं. "ते खोलीत व्हतं, म्हणून निभलं. तुमी कामून इचारायलात?"

सहज, म्हणाले मास्तर. एवढ्या दिवसात पहिलं धडधडीत खोटं ते त्या अंगणात बोलले. जीपमध्ये बसल्यावर त्यांना एकच गोष्ट सुचत होती, की आपण खोली निवडलेली नाही, वाक्य निवडलंय. वाक्य पाडता येत नाही. पुण्याला गेलो तर ते बरोबर येणार, साक्षीच्या घरात, तिच्या लेकरांच्या मागे उजव्या हाताला बसणार.

७

ते परतले तेव्हा साडेचार वाजले होते. लख्ख ऊन होतं आणि गल्लीत पोरं सायकली फिरवत होती. कुलूप काढून त्यांनी दार ढकललं. अंगणाकडची खिडकी उघडी राहिली होती, तिच्यातून उन्हाचा एक पट्टा खोलीत आडवा पडला होता.

आदल्या सकाळी वंदना अर्धी सोडून उठल्यापासून चटया तशाच अंथरलेल्या होत्या. तिच्या चटईवर कुणी गुडघ्यांवर बसलेलं होतं.

मास्तरांना सगळं दिसलं नाही. उन्हाच्या पट्ट्याच्या वरचा भाग अंधारात होता आणि त्यांनी मान वर केली नाही. त्यांना दिसले ते पायांचे दोन तळवे, गुडघ्यांवर बसल्यावर मागे उलटे पडतात तसे, दाराकडं झालेले. सरजाचे तळवे भेगाळलेले होते, भेगांत माती बसलेली असायची, थंडीत मास्तर त्यांना मेण लावून द्यायचे. हे तळवे कोरे होते. एक भेग नाही, एक रेघ नाही, जमिनीला कधी लागलेच नसावेत असे. आणि डाव्या पायाची बोटं हळूहळू हलत होती. वाट बघून कंटाळलेलं माणूस हलवतं तशी.

त्यांनी दार ओढून घेतलं. अंधार पडेपर्यंत राजेश्रीच्या ओट्यावर बसून राहिले आणि तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, किल्ली सापडत नाही. किल्ली त्यांच्या मुठीत होती.

पुढचे दोन दिवस ते पाठीमागच्या पडवीत झोपले आणि तेव्हाही त्यांनी वंदना केली नाही. उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. साक्षीला फोन करून सांगितलं, की येऊन घेऊन जा. तिला इतका आनंद झाला की तिनं लगेच तिकीट काढलं. ती एकविसाव्या दिवशी सकाळी नऊच्या गाडीनं पोचणार होती. त्याआधी हे मिटवणं भाग होतं. लेकीबरोबर जायचं तर एकट्यानंच जायचं, एवढं त्यांनी पक्कं केलं.

८

एकविसाव्या दिवशी सातला पाच कमी असताना ते खोलीत आले. बॅग दारापाशी भरून ठेवलेली होती. त्यांनी एकच चटई अंथरली. दुसरी गुंडाळून अंगणात ठेवली होती, ती तिथंच आहे ना, हे दोनदा बघून आले. मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, बसले. वहीतलं जुनं वाक्य त्यांनी खोडलं होतं आणि खाली नवं लिहिलं होतं. मुंजाजी 'नाही' म्हणत राहिला, तिथं तो चुकला, असा त्यांचा हिशेब होता. आपण नाही म्हणायचं नाही. जे खरं आहे तेच म्हणायचं, तीनदा, आणि उठायचं.

मागे काही आवाज नव्हता.

"घरात मी एकटा आहे," मास्तर म्हणाले.

म्हणायला फार जड गेलं. एवढ्या चार शब्दांत सरजाचं जाणं पुरं होत होतं. त्यांचा गळा दाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मध्ये जागा सोडायची नाही असं ठरवलेलं होतं, पण तोंड आपसूक मिटलं आणि जागा सुटली.

"घरात मी एकटा आहे," मागून आलं. उजव्या हाताकडून. तसाच दाटलेला गळा, तेवढंच थांबणं.

मास्तरांनी डोळे घट्ट मिटले. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज ठणठणीत ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला. मागचा आवाजही ठणठणीत आला, आणि जरा जवळून. मानेवर केस होते तिथं गार लागलं. बाहेर गल्लीत दूधवाल्याची मोटारसायकल थांबली, राजेश्रीनं त्याला काही विचारलं, तो काही बोलला, आणि मोटारसायकल गेली.

आता एकदाच उरलं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं की झालं. मास्तरांनी श्वास घेतला.

"घरात मी एकटा आहे," मागचा आवाज आधी म्हणाला.

आणि थांबला.

ती थांबायची जागा मास्तरांना ओळखीची होती. मागून म्हणणाऱ्याला लागतो तेवढाच वेळ, ना कमी ना जास्त. चाळीस वर्षं ती त्यांनीच सोडली होती. घड्याळ टिकटिकत होतं. मागचं माणूस घाई करत नव्हतं, कारण सांगणाऱ्यानं घाई करायची नसते.

मास्तरांनी जोडलेले हात तसेच ठेवले, आणि मागून म्हटलं.